आगोटीचे दोन दिवस : आधी कौलं, मग कोकमं

मे महिन्याच्या अखेरीस, आगोटीला म्हणजे पावसाआधीच्या तयारीत, कोकणातल्या घराला दोन मोठी कामं एकदमच करावी लागतात. पावसाआधी छप्पर धड व्हायला हवं आणि वाडीतले रातांबे (कोकमाची फळं), आंबे, फणस वाळून बरणीत जायला हवेत. दोन्हींना लागतं कडक ऊन, आणि तेच मोजकं उरलेलं असतं. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७-८ जूनला. मान्सून सरासरीने १ जूनला केरळात पोचतो आणि ११ जूनच्या आसपास मुंबईत. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड या दोन तारखांच्या मधे भिजतात. वळवाची सर तर त्याच्याही आधी कधीही येते.

माणसं कमी पडतात म्हणून आगोट फसत नाही, क्रम चुकतो म्हणून फसते. खळ्यात (अंगणात) आमसुलं, म्हणजे रातांब्याच्या साली, वाळत घातली आणि तासाभराने कोणी कौलं परतायला वर चढलं, की वर्षभराची काजळी, उंदराच्या लेंड्या आणि वाळकं शेवाळ सगळं त्या ओल्या सालींवर येतं. मिठाच्या रसात भिजलेल्या सालीला चिकटलेली धूळ धुऊन काढता येत नाही. धुतलं तर रसही जातो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी रातांबे फोडायचे, शनिवारी उजाडल्यापासून दहापर्यंत छप्पर करायचं, दहानंतर खळं झाडून वाळवण घालायचं. रविवारी सकाळी पन्हाळ (पावसाचं पाणी वाहून नेणारी नळी) आणि झड (पावसाचा मारा अडवणारा आडोसा), दुपारी चुलीपुढची कामं. चार मोठी माणसं असली की हे दोन दिवसांत बसतं. कोकमं मात्र दोन दिवसांत पुरी होत नाहीत. त्यांची सुरुवात होते आणि पुढचे पाच-सहा दिवस सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं द्यावी लागतात.

शुक्रवार संध्याकाळ : रातांबे

रातांबा पूर्ण लाल-जांभळा झालेला, पण बोटाने दाबला तर साल टणक लागणारा हवा. अर्धा हिरवा असेल तर आमसुलाला रंग येत नाही. फार मऊ झाला असेल तर सालीचे तुकडे पडतात. झाडाखाली पडलेली फळं घ्यायला हरकत नाही, मात्र त्याच दिवशी पडलेलीच घ्यावीत. कालची फळं देठाकडून आंबायला लागलेली असतात आणि अशी चार फळं अख्खा रस फेसाळवतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘कोकण अमृता’सारख्या जाड सालीच्या जातीची फळं मिळाली तर आमसुलांसाठी तीच घ्यावीत. पातळ सालीची रायवळ (कलम न केलेल्या झाडांची) फळं आगळासाठी, म्हणजे कोकमाच्या खारट रसासाठी ठेवावीत.

फळं धुऊन, फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. मग आडवी कापून दोन वाट्या करा. आतला पांढरा गर बियांसकट एका पातेल्यात आणि साली दुसऱ्यात. पातेलं स्टीलचं, नाहीतर चिनी मातीची बरणी. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड यांतलं काहीही चालत नाही, कारण कोकमाचं आम्ल धातू खातं, रस काळपट होतो आणि चवीला कळकतो. चाकूसुद्धा स्टीलचाच घ्यावा.

प्रमाण असं: १० किलो रातांब्यांतून अंदाजे ५ किलो साली निघतात, आणि उरलेल्या ५ किलोत गर आणि बिया. या गराला किलोमागे १०० ग्रॅम, म्हणजे एकूण ५०० ग्रॅम जाडं मीठ घालून हाताने कुस्करा. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, फार झोंबतं. तासाभरात मिठाने गराला पाणी सुटतं. हा रस जाड चाळणीतून गाळून सालींवर ओता, सगळ्या साली खालीवर करा आणि रात्रभर झाकून ठेवा. हे पहिलं पुट. बिया टाकू नका, त्यांचं पुढे सांगितलं आहे.

मीठ कमी घालायचा मोह होतो, विशेषतः घरात रक्तदाबाचं कोणी असेल तर. पण इथे मीठ चवीसाठी नाही, राखणीसाठी आहे. दोन दिवस ढग आले तर बुरशीपासून साल वाचवणारं तेवढंच असतं. खाताना आमसूल धुऊन घेता येतं, बुरशी आलेलं आमसूल वाचवता येत नाही.

शनिवार, साडेसहा ते दहा : छप्पर

खरं म्हणजे छपराचं काम आदल्या दुपारी घरात बसूनच सुरू होतं. दारं-खिडक्या लावून काळोख करा आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खालून वाशावर खडूने खूण करा. प्रत्येक ठिपका म्हणजे गळती नव्हे. दोन कौलांच्या सांध्यातून तिरका उजेड येतोच. सरळ वर आभाळ दिसत असेल तर मात्र कौल सरकलंय किंवा फुटलंय. गेल्या पावसात जिथे थेंब पडत होता त्याच्या बरोबर वर शोधू नका. पाणी वाशाच्या पोटाला धरून उताराने खाली वाहतं आणि जिथे रीप (कौलं टेकायची लाकडी पट्टी) आडवी येते तिथे गळतं. भोक बहुतेकदा त्या जागेपासून दोन-तीन ओळी वर, आढ्याकडे असतं.

चढण्याआधी मेन स्विच बंद करा. खांबावरून घरात येणारी विजेची तार बहुतेक घरांत पावळीजवळूनच (छपराच्या खालच्या कडेजवळून) आत शिरते, आणि मेन स्विच बंद केला तरी ती तार जिवंतच असते. तिच्यापासून हातभर नव्हे, चांगलं दोन हात लांब राहा आणि त्या बाजूला लोखंडी शिडी लावू नका. वर चढणारा एकच. दुसरा खाली शिडी धरून कौलं देणारा. पाऊल कौलाच्या मधोमध न ठेवता खाली जिथे रीप आहे तिथे, म्हणजे दोन कौलांच्या दुहेरी जाडीवर ठेवावं. त्यापेक्षा बरं म्हणजे छपरावर बांबूची शिडी आडवी घालून तिच्यावरून सरकावं. वजन चार-सहा कौलांवर वाटलं जातं. सकाळी कौलांवर दव असतं आणि शेवाळ वाळकं दिसलं तरी निसरडं असतं, तेव्हा सुरुवात पूर्वेच्या पाख्यापासून (छपराच्या उतरत्या बाजूपासून) करा. तो आधी सुकतो.

मंगलोरी कौल साधारण ४१ बाय २३ सेंटिमीटरचं असतं, वजनाला २ ते ३ किलो. १०० चौरस फुटांना सुमारे १५० कौलं लागतात. दरवर्षी फुटणारी धरून घरात पंचवीस-तीस कौलं जादा असावीत. नवी घेताना एक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर चांगलं भाजलेलं, बद्द आवाज आला तर चीर किंवा कच्ची भट्टी. अजून खात्री हवी तर एक कौल वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोहून जास्त पाणी प्यायलं तर ते घेऊ नका. पावसाळाभर ते पाणी पीत राहील आणि तेवढं वजन जुन्या रिपांवर येईल. नव्या कौलांचा साचा जुन्याशी जुळतो का हेही दुकानातच एक जुनं कौल नेऊन बघावं. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि तिथेच पाणी शिरतं.

फुटकं कौल काढताना जोर लावून ओढू नका. त्याच्या वरच्या ओळीतली दोन कौलं तळव्याने उचलून धरा, लाकडाची पाचर सारा, फुटकं काढा, नवं खालून वर सरकवत त्याचा कान (पोटाकडचा उंचवटा) रिपेमागे अडकेपर्यंत न्या. कान अडकला की किंचित खाली ओढून बघा. हललं नाही तर बसलं. मग बाजूच्या खाचेत बोट फिरवा. गळणाऱ्या दहा जागांपैकी निम्म्या जागी कौल फुटलेलं नसतंच. खाचेत पानं, शेवाळ, पक्ष्यांनी आणलेल्या काड्या अडकलेल्या असतात. पाणी तिथे तुंबतं आणि कडेवरून आत उतरतं. काथ्याच्या ब्रशने खाचा आढ्यापासून पावळीपर्यंत साफ करा. तारेचा ब्रश वापरू नका, कौलाची वरची भाजलेली त्वचा खरवडली जाते आणि शेवाळाला अजून चांगला आधार मिळतो.

नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल देशी कौलांचं घर असेल तर काम वेगळं. तिथे दरवर्षी नळे परतावेच लागतात, कारण कान नसल्याने ते स्वतःच्या वजनावरच टिकलेले असतात आणि वांदरांची एक टोळी सगळी ओळ विस्कटून जाते. खालच्या नळ्यावर वरचा किमान चार बोटं चढलेला हवा.

कौल उचललेलं असतानाच रीप तपासून घ्या, पुन्हा ती संधी वर्षभर मिळत नाही. स्क्रूड्रायव्हर टोचा. आत भसकन गेला तर वाळवी. अशी रीप मधेच सांधू नका. एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंतचा तुकडा पुरा बदला, दोन्ही टोकं वाशाच्या मधोमध टेकली पाहिजेत. रिपांमधलं अंतर जुन्या ओळीवरून मोजून घ्या, साधारण साडेबारा इंच असतं. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी खालचं कौल आणि वरचं कौल एकमेकांत बसत नाही. खिळे गॅल्वनाइज्ड वापरा. खाऱ्या हवेत साधा खिळा तीन-चार पावसाळ्यांत फुगतो आणि रीप चिरतो. लाकडाला लावायला काजूच्या टरफलाचं तेल उत्तम, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण ते कातडी भाजतं, फोड येतात. जाड हातमोजे घाला, उघड्या हातांना आधी खोबरेल चोळा आणि मुलांना लांब ठेवा.

पावळीच्या पहिल्या दोन ओळी आणि दोन्ही कडांची कौलं तारेने बांधा. कौलाच्या पोटाला त्यासाठीच भोक असलेला कान दिलेला असतो, पण बहुतेक सुतार तो वापरत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वारा छपराला वरून दाबत नाही, पावळीखाली शिरून उचलतो, आणि कडेचं एक कौल गेलं की पुढची ओळ मोकळी होते. तार तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. साधी बांधकामाची तार दोन वर्षांत गंजून तुटते.

आढ्यावरचे कोने (माथ्याची कौलं) शेवटी. जुना सुटलेला चुना-सिमेंट काढून टाका. नवा माल १ भाग सिमेंटला ६ भाग रेती. जास्त सिमेंट घातलं तर मजबुती येत नाही, उलट तडे जातात. रेती किनाऱ्यावरची नको, तिच्यातल्या मिठाने माल भुसभुशीत होतो. कोने आणि खालची कौलं आधी पाण्याने चिंब करा. कोरडं कौल मालातलं पाणी शोषून घेतं आणि चार दिवसांत तो माल पिठासारखा हाताला लागतो. माल फक्त दोन्ही कडांना भरावा, कोन्याची पोकळी पूर्ण भरू नये. मग चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ वर पाणी शिंपडायचं. हे पाणी पावळीवरून खाली टपकतं, म्हणून वाळवणाची जागा पावळीपासून निदान सहा फूट लांब ठरवा.

पडवी गळत असेल आणि सगळी कौलं शाबूत असतील, तर उतार मोजा. मूळ छप्पर पुढे वाढवून पडवी काढताना उतार बसतो. आडव्या १ मीटरला ५० सेंटिमीटरपेक्षा कमी चढ असेल तर नैऋत्येचा वारा पाऊस सांध्यांतून वर ढकलतो. त्यावर कौलं परतून काही होत नाही. त्या पाख्याखाली पत्रा घालावा लागेल, आणि ते या दोन दिवसांचं काम नव्हे.

दहा वाजता : वाळवण

छपरावरचा माणूस उतरला की खळं झाडून पाण्याचा हलका सडा मारा आणि सुकू द्या. वाळवण जमिनीवर घालू नका. बांबूच्या तट्ट्या बाकांवर किंवा चार चिऱ्यांवर दोन-अडीच फूट उंच ठेवल्या की खालूनही वारा लागतो आणि कोंबड्या पोचत नाहीत. आंब्याच्या ताटांसाठी बाकाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांना दुसरा उपाय नाही. वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, मालाला टेकता कामा नये. सुकट, बोंबील त्याच खळ्यात वाळत असतील तर ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला. दुपारी समुद्रावरचा खारा वारा सुटतो, म्हणजे मासळी घराच्या पूर्वेला.

रात्रभर भिजलेल्या साली चाळणीत निथळून, पोकळ बाजू वर करून एकेक मांडा. एकीवर एक आली तर मधे बुरशी धरते. संध्याकाळी पाचच्या आत सगळं घरात घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि किनाऱ्यावरच्या मे महिन्याच्या रात्री बाहेर राहिलेली साल दिवसभरात जेवढी सुकली त्यातलं बरंचसं रात्रीत परत ओली होते. आत घेतल्यावर उरलेल्या रसात पुन्हा बुडवा. दुसरं पुट. असं पाच ते सात वेळा, रस संपेपर्यंत. रस झाकून ठेवा आणि रोज हुंगून बघा. दारूसारखा वास आला किंवा फेस आला तर मीठ कमी पडलं. लगेच किलोमागे ३० ग्रॅम मीठ अजून घाला.

मधेच पाऊस आला तर? घाबरून पंख्याखाली पसरू नका. साली रसात बुडवून, वर ताटली आणि वजन ठेवून झाकून टाका. खारट रसाखाली त्या तीन-चार दिवस आरामात राहतात. ऊन पडलं की पुन्हा सुरू. अर्धवट सुकलेली साल उघड्यावर दमट हवेत ठेवणं हाच एकमेव खरा धोका.

तयार आमसूल दुमडलं तर मोडत नाही, दाबलं तर रस येत नाही आणि बोटाला किंचित चिकटतं. कडकडीत झालं असेल तर पुटं कमी पडली. वर मिठाची पांढरी पुटकुळी दिसली तर शेवटच्या पुटात रस आटून मीठ उरलं होतं, झटकून टाकावं. पुटकुळी आणि बुरशी यांत गोंधळ होतो. मीठ खरखरीत लागतं आणि पाण्यात विरतं, बुरशी केसाळ असते आणि कुबट वास मारते. १० किलो रातांब्यांतून दीड किलोच्या आसपास आमसुलं होतात.

पातळ सालीची जी फळं बाजूला ठेवली होती त्यांचं आगळ किंवा सरबत करा. आगळासाठी १ किलो सालींना १६० ते २०० ग्रॅम मीठ, बरणीत थर देऊन आठ दिवस रोज ढवळायचं आणि गाळायचं. सरबतासाठी १ किलो साली आणि २ किलो साखर, तसेच थर. रोज लाकडी उलथन्याने तळापासून ढवळा, सातव्या दिवशी गाळा. साखर दीड किलोवर आणली की पंधरा दिवसांत फेस येतो. दोन म्हणजे दोनच.

बिया धुऊन कडकडीत वाळवून ठेवा. पावसाळ्यात सवडीने फोडून, आतला गर वाटून पाण्यात उकळला की वर तेल तरंगतं आणि थंड झाल्यावर घट्ट बसतं. हेच कोकमतेल, भेगाळलेल्या टाचांना लावायचं.

आंबापोळी

हिचं पहिलं काम शनिवारी सकाळीच, छप्पर चालू असताना, पण ज्या पाख्यावर काम नाही त्याच्या खाली. स्वयंपाकघरावरची कौलं उघडलेली असतील तर चूल परसदारी न्यावी.

पोळीला रायवळच चांगला. हापूसची पोळी होते, पण रायवळाची आंबट-गोड चव तिला येत नाही, आणि रायवळ तसेही झाडाखाली ढिगाने पडलेले असतात. रस चाळणीतून गाळून केसर (दोरे) काढा. १ किलो रसाला १०० ते १५० ग्रॅम साखर. आंबे नुसतेच गोडमिट्ट असतील तर एका लिंबाचा रस घाला. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत पाच-सात मिनिटं ढवळत तापवा. न तापवताही पोळी होते, पण दोन दिवसांत तपकिरी पडते आणि ढगाळ हवेत आंबते. पूर्ण गार झाला की तुपाचं बोट फिरवलेल्या ताटात ओता. ३० सेंटिमीटरच्या ताटात २५० ते ३०० ग्रॅम रस, म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटरचा थर होतो.

इथेच सगळे चुकतात. ताट भरून ओतलं की वर साय धरते, आत रस तसाच राहतो आणि तिसऱ्या दिवशी सायीखाली बुडबुडे दिसतात. ती पोळी गेली. पातळ थर, बोटाला चिकटेनासा झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. उन्हाच्या जोरावर एका थराला दीड-दोन दिवस. दुसऱ्या थरासाठीचा रस फ्रीजमध्ये ठेवा आणि घालण्याआधी पुन्हा एक उकळी आणून गार करा. शेवटी पोळी सुटी करून, उलटून, पाठीला एक ऊन द्या. १ किलो रसाची साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पोळी होते. ऊन गेलंच तर ओव्हन ६० अंशांवर, दार थोडं उघडं ठेवून. जास्त तापवलं तर कडा चिवट होतात.

रविवार

सकाळी वाळवण बाहेर पडलं की पन्हाळ. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी होतं, आणि कोकणात तेवढा पाऊस पाव तासातही पडतो. सहा इंची अर्धगोल पन्हाळ, दर मीटरला ५ ते १० मिलिमीटर उतार, आधाराचे क्लँप ६० ते ७५ सेंटिमीटरवर आणि खाली उतरणारा पाइप ४ इंची. तीन इंची पाइप पानं अडकून पहिल्याच आठवड्यात तुंबतो. पीव्हीसी उन्हात वाढतं. ३ मीटरचा तुकडा पाच-सहा मिलिमीटर लांबतो, म्हणून सांध्यात तेवढी फट ठेवावी, नाहीतर दुपारी पन्हाळ कमान धरते. पावळीच्या कौलाची कड पन्हाळीच्या आतल्या एक तृतीयांशावर यावी. ती मधे आली तर जोराचं पाणी पन्हाळ ओलांडून पडतं. लावून झाल्यावर वरच्या टोकाला एक बादली पाणी ओता. कुठेही साचता कामा नये. खालचं पाणी जोत्यापासून लांब न्या. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, जोत्याशी साचलेलं पाणी भिंतीत दोन-तीन फूट वर चढतं आणि आतला रंग पापुद्र्यांनी सुटतो. त्यावर पुन्हा रंग काढणं हा उपाय नव्हे.

झड पश्चिम आणि दक्षिण अंगाला बांधायची. माडाच्या झावळ्यांचे झाप विणायचे असतील तर झावळ्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजवलेल्या हव्यात, म्हणजे गुरुवारीच टाकाव्या लागतात. नसतील तर ताडपत्री, पण ती ताणून आणि खाली सहा इंच मोकळी ठेवून. तळापर्यंत बंद केली की पडवीला हवा लागत नाही, आणि जिथे सरपण, नारळ आणि बरण्या ठेवायच्या तिथेच बुरशी धरते.

दुपारी फणस. बरक्याची (मऊ गऱ्यांच्या फणसाची) पोळी आणि काप्याचे (घट्ट गऱ्यांच्या फणसाचे) तळलेले गरे, उलट करू नये. हाताला, सुरीला आणि पाटाला खोबरेल लावा आणि चीक फडक्यानेच पुसा. पाण्याने तो आणखी चिकटतो. बरक्याच्या आठळ्या काढून गर पाणी न घालता मिक्सरमधून काढा, किलोला १०० ग्रॅम साखर, थर ५ मिलिमीटर, बाकी आंब्यासारखंच. तळायला कापा पूर्ण जून पण न पिकलेला हवा. पिकायला लागलेला गरा तेलात काळा होतो. अर्ध्यावर तळून झाले की चमचाभर मिठाचं पाणी तेलात शिंपडा आणि मागे व्हा, तेल जोरात उसळतं. तडतड थांबली की काढा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. आठळ्या धुऊन, सावलीत एक दिवस सुकवून लाल मातीत घोळवून ठेवल्या तर श्रावणातल्या भाजीला होतात.

वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या उरल्याच तर खारात. १ लिटर पाण्याला २०० ग्रॅम मीठ, उकळून गार करून, देठासकट धुऊन पुसलेल्या कैऱ्या त्यात पूर्ण बुडतील अशा. वर तरंगलेली एक कैरी सगळी बरणी नासवते, म्हणून ताटली आणि धुतलेला दगड ठेवा.

पुढचे आठ दिवस

सोमवारपासून कोन्यांवर पाणी आणि कोकमांना पुटं, दोन्ही सकाळ-संध्याकाळच. आधी कोने, पावळी टपकायची थांबली की मग वाळवण बाहेर. आमसुलं झाली की एक रात्र घरात गार होऊ द्या. गरम भरलेल्या बरणीत आतून घाम येतो. तळाशी मूठभर मीठ, मग दाबून आमसुलं, वर पुन्हा थोडं मीठ, तोंडाला कापड आणि झाकण. बरणी भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा.

पहिली मोठी सर आली की खडू घेऊन घरात फिरा. थेंब दिसेल तिथे जमिनीवर नाही, वर वाशावर खूण करा आणि तारीख लिहा. लगेच छपरावर चढू नका, ओल्या कौलांवरून पाय सुटतो. खाली पातेलं ठेवा आणि उघडीप मिळून कौलं कोरडी होईपर्यंत थांबा. मग खुणेपासून दोन-तीन ओळी वर, आधी खाचेत बोट फिरवून बघा.